पाटाच्या उंचीवरचा कॅमेरा

वूच, पोलंड
१४ डिसेंबर

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

मोबाइलवर लांबलचक वाचायचा कंटाळा येतो, कागदावर लिही, असं म्हणालात म्हणून हे पत्र. पाकिटावरचा शिक्का वाचून आई 'लॉड्झ' म्हणेल, पण इथले लोक त्याला 'वूच' म्हणतात. का, ते विचारू नका. थंडी कडाक्याची आहे, साडेतीनलाच अंधारतं, कुकर आणला ते फार बरं झालं. ख्यालीखुशाली संपली.

मागच्या रविवारी तुम्ही फोनवर म्हणालात, "कॅमेरा कुठे ठेवायचा हे शिकायला दोन वर्षं लागतात होय?" मी हसण्यावारी नेलं, पण राग आला होता. तीस वर्षं ठाण्यातली लग्नं शूट केलेल्या माणसानं असं म्हणावं! तेव्हा सुचलं नाही ते उत्तर आता लिहिते.

इथे फिल्म स्कूलमध्ये पहिल्याच महिन्यात एक साधं काम दिलं. माणूस खोलीत येतो, बसतो, चहा पितो. बस्स. हेच तीन वेगवेगळ्या उंचींवरून घ्यायचं. मी पुस्तकातलं घोकून गेले होते: वरून घेतला की माणूस बिचारा दिसतो, खालून घेतला की भारी. 'शोले'तला गब्बर आठवा ना. आधी नुसते बूट, खडकावर घासत जाणारा पट्टा, तोंड कितीतरी वेळ दिसतच नाही. मीही कॅमेरा फरशीला टेकवला, लेन्स वर केली, आणि चहा पिणारा तो गरीब पोरगा असा दिसायला लागला की आता कप ठेवून कुणाचा तरी खून करेल. वर्गात हशा पिकला.

त्यानंतर बाईंनी 'सिटिझन केन' लावला, १९४१ चा. त्यात नायक केन निवडणूक हरतो, त्यानंतरचा प्रसंग. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सला कॅमेरा इतका खाली हवा होता की स्टुडिओची जमीन खणावी लागली. बरं, खालून वर बघायचं म्हणजे छत दिसणार, आणि एरवी सेटला छत नसतंच, वर लाइट आणि माइक टांगलेले. म्हणून कापड ताणून छत केलं आणि माइक त्याच्यावर लपवले. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर हरलेला माणूस दाखवायला! केन पडद्यावर डोंगराएवढा दिसतो आणि छत त्याच्या डोक्यावर टेकायला आलेलं. माझं 'खालून घेतला की भारी' तिथेच निकालात निघालं.

मग आला ओझू. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूचा 'टोकियो स्टोरी', १९५३. कॅमेरा इथेही खाली, पण लेन्स वर केलेली नाही, समोर सरळ. जपानी घरात माणसं चटईवर बसतात, मग कॅमेराही बसतो, बसलेल्याच्या डोळ्यांपेक्षा किंचित खालीच. त्यासाठी त्याच्याकडे खास बुटका ट्रायपॉड होता. लेन्स बहुतेक वेळा पन्नास मिलिमीटरचीच, आणि कॅमेरा हलवणं जवळजवळ नाहीच. म्हातारा-म्हातारी मुलांकडे जातात, मुलांना वेळ नसतो, एवढीच गोष्ट. वेल्सचा कॅमेराही खाली आणि ओझूचाही खाली, पण एकाकडे बघताना मान वर करावी लागते आणि दुसऱ्याकडे आपण मांडी घालून बसतो. उंची आणि लेन्सचं तोंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

बाबा, मला पडद्यावर टोकियो दिसत होतं, पण डोक्यात नौपाड्यातला तो हॉल होता. धाकट्या आत्याचं लग्न. कन्यादान चाललंय, फोटोग्राफर उभा, मामेमंडळी उभी, सगळेच उभे. उभ्यानं घेतलं की काय मिळतं? डोकी, मुंडावळ्या आणि गुरुजींचं टक्कल. तुम्ही मात्र खांद्यावरच्या त्या धोंड्यासारख्या कॅमेऱ्यासकट खाली फतकल मारलीत. आजोबांच्या ओंजळीतून पाणी खालच्या ओंजळीत पडतंय आणि त्याच्या जरा वर आजोबांचा चेहरा, नीट सरळ. मिशी हलतेय. मागे आजीच्या पदराचं टोक आणि एक गुडघा, बाकी आजी फ्रेमबाहेर. गुरुजींचं "अहो, जरा सरका" कॅसेटमध्ये स्वच्छ ऐकू येतं. तुम्ही सरकला नाहीत. लहानपणी मी विचारलं होतं, खाली का बसलात म्हणून. तुम्ही म्हणालात, "पाटावरच्या माणसाशी उभ्यानं बोलतात का?" मला पोलिश येत नसल्यानं बाईंना हे मोडक्या इंग्रजीत सांगितलं. पाट म्हणजे काय हे समजावण्यातच पाच मिनिटं गेली.

आता माझी फजिती ऐका. दोन माणसं टेबलाशी समोरासमोर बोलतायत, हा पुढचा पाठ. दोघांमध्ये एक रेषा धरायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, म्हणजे एक डावीकडे बघतो, दुसरा उजवीकडे. तुम्हाला हे ठाऊकच असेल. अंतरपाट धरला की तुम्ही एकदा ठरवलेली बाजू सोडत नव्हता. खिडकीतून छान उजेड येत होता म्हणून मी मध्येच पलीकडे गेले आणि तिथून दुसऱ्याचे शॉट घेतले. एडिटला जोडून बघते तर दोघंही उजवीकडे तोंड करून बसलेले. बाईंनी शांतपणे विचारलं, "हे दोघं बसची वाट बघतायत का?" पुन्हा शूट करायचं म्हणजे खोली पुन्हा मागायची, पोरांच्या विनवण्या करायच्या, आणि उजेड तर साडेतीनपर्यंतच! गंमत म्हणजे ओझू ही रेषा सर्रास ओलांडायचा. त्याची माणसं जवळजवळ थेट लेन्सकडे बघून बोलतात, तरी कोण कुणाशी बोलतंय यात आपला गोंधळ होत नाही. मी हे बाईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, त्यानं ओलांडायची ठरवून ओलांडली, तू उजेडाच्या मोहात.

थेट लेन्सवरून आठवलं. 'फँड्री' आपण घरी बघितला तेव्हा शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो सरळ आपल्याकडे येतो. आई दचकून मागे झाली होती. तोवर आपण त्याच्या बाजूनं बसून हळहळत होतो आणि नागराज मंजुळेनं त्या एका शॉटमध्ये आपल्याला उचलून त्याला छळणाऱ्यांच्या रांगेत बसवलं. गडकरी रंगायतनला नाटक बघताना हे होत नाही. बाल्कनीचं तिकीट असेल तर पडदा पडेपर्यंत आपण बाल्कनीतच. सिनेमात आपली खुर्ची दुसरं कुणीतरी हलवत असतं, न विचारता.

हे सगळं तुमचं कौतुक म्हणून लिहितेय असं समजू नका. तुमचं झूमचं वेड मला अजूनही पटत नाही. जेवणाच्या पंगतीत जिलबीवर झूम, मग मागे, मग काकूंवर झूम, मग मागे, बघणाऱ्याला मळमळतं. झूम करून आपण माणसाजवळ जात नाही, फक्त चित्र मोठं होतं. जवळ जायचं तर पायांनी जावं लागतं, तेव्हाच मागची भिंत वेगळी दिसायला लागते. याच फरकावर हिचकॉकनं १९५८ च्या 'व्हर्टिगो'त तो चक्कर आणणारा जिना केला: ट्रॉली एका दिशेला, झूम उलट्या दिशेला. आणि जिना खरा नव्हताच, छोटं मॉडेल करून आडवं ठेवलं होतं! सनगनचंही तेच, तो भगभगीत दिवा सरळ तोंडावर मारायचात, नवरीचे डोळे मिचमिचे. व्हिडिओ मिक्सिंगमध्ये बदामाच्या चौकटीत बसवलेल्या नवरदेवांबद्दल मी काहीच बोलत नाही. ती त्या काळाची फॅशन होती आणि गिऱ्हाइकाला तेच हवं असायचं, मान्य.

तर काम असं आहे. आत्याच्या लग्नाची कॅसेट माळ्यावर असणार, दुकान बंद केलं तेव्हाच्या खोक्यात, बहुतेक दुसऱ्या रांगेत. कन्यादानाची तीन-चार मिनिटं मला वर्गात दाखवायची आहेत, ओझूच्या लगेच नंतर. ठाण्याच्या दमट हवेत टेपला बुरशी धरली असेल, तर प्लेअरमध्ये घालून बघायचा मोह आवरा. टेप तुटेल आणि प्लेअरचं हेडही खराब होईल. कॅसेटच्या खिडकीतून बघा, पांढरं काही दिसलं तर तशीच कोरड्या डब्यात ठेवा आणि व्हीएचएसवरून कॉपी करून देणाऱ्याकडे द्या. पैसे मी पाठवते.

आईला सांगा, लोणचं पाठवू नकोस, मागच्या वेळी तेलानं सगळे स्वेटर माखले होते. मेतकूट चालेल. आणि माळ्यावर तुम्ही चढू नका, शेजारच्या पोराला चढवा.

तुमची,
चिमी