परीक्षेची रजा तोंडी मागू नका

संपादक महोदय,

खंडेनवमीला यंत्रपूजा झाली की कुपवाड-मिरज एमआयडीसीत 'कामगार आमच्या घरातलाच' हे भाषण ठरलेलं. खरी आस्था दिसते ती शिफ्टच्या तक्त्यात. आयटीआय झालेला सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या यंत्राचा) ऑपरेटर नोकरी सांभाळून डिप्लोमा करू पाहतो, पण शिफ्ट दर आठवड्याला फिरते. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळचे वर्ग बुडतात आणि हजेरी भरत नाही. यात सुपरवायझर दुष्ट नसतो. त्या मशीनचं सेटिंग येणारा दुसरा माणूसच नसतो. टूल ऑफसेट (कापणाऱ्या हत्याराच्या मापातला फरक) मशीनमध्ये टाकणं आणि पहिला नग मोजून पास करणं, एवढं शेजारच्या ऑपरेटरला शिकवलं तरी शिफ्टची अदलाबदल जमते. शिकवायला वेळ नाही म्हणणाऱ्यांना पूजेला बरा मिळतो!

कामगारांनीही परीक्षेची रजा तोंडी मागू नये. कायद्यानं 20 दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा मिळते आणि 30 दिवसांपर्यंत पुढच्या वर्षात नेता येते. रीतसर अर्ज करूनही नाकारलेल्या रजेला ही मर्यादा नाही. मात्र नकाराचा पुरावा लागतो. अर्ज किमान 15 दिवस आधी, वेळापत्रक जोडून द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. कंत्राटी पोरांचा अर्ज ठेकेदाराकडेच जिरतो, ते दुखणं वेगळंच.

– एक वाचक, कुपवाड (जि. सांगली)