कायोटीच्या शिकारीला निघण्यापूर्वी

चिरंजीव बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

टेक्सासमधल्या सॅन अँजेलोजवळच्या मित्राच्या रँचवर रात्री कायोटीच्या शिकारीला जाण्याचा तुम्हा मुलांचा बेत आईने मला वाचून दाखवला. कायोटी म्हणजे काय, असे तिने विचारले, तेव्हा आपल्या कोल्ह्याहून थोडा मोठा आणि लांडग्याहून लहान असा तो प्राणी असून त्या मुलखातल्या मेंढ्या-शेळ्या पाळणाऱ्यांचे त्याच्याशी जुने वैर आहे, एवढे मी तिला सांगितले. कोकरू गमावलेल्या माणसाचा राग मला परका नाही. उन्हाळ्यात खतासाठी आपण रानात धनगरांची मेंढरे बसवत असू आणि पहाटे लांडग्याने कोकरू उचलले की त्या धनगराच्या तोंडून दिवसभर शब्द फुटत नसे, हे मी लहानपणी पाहिले आहे. म्हणून तू जाऊ नकोस, असे मी म्हणणार नाही.

मात्र आधी कागदपत्रे पाहा. तू विद्यार्थी व्हिसावर आहेस आणि अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार अशा परदेशी माणसाला बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्याची सर्वसाधारणपणे मनाई आहे. तिथे रीतसर मिळालेला शिकारीचा परवाना जवळ असणे, हा त्यातला एक अपवाद आहे. मित्राने "जरा धरून बघ" म्हणून रायफल पुढे केली, तरी परवाना हाती येईपर्यंत ती घेऊ नकोस. शिवाय २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी टेक्सासमध्ये शिकारी-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम आहे, तो मन लावून पूर्ण कर. या दोन्ही गोष्टी तुझ्या विद्यापीठातील परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयालाही विचारून घे, कारण मित्राची चूक त्याला दंडावर सुटेल, तुला तुझ्या शिक्षणाची किंमत मोजावी लागेल.

आता मी तुला आजवर न सांगितलेली गोष्ट सांगतो. मी सतरा वर्षांचा असताना वैशाखात उन्हाळी भुईमुगाच्या जागलीला चुलतभावाबरोबर माळ्यावर बसलो होतो. रानडुकरे रोज वेल उकरून टाकत होती आणि त्याच्याजवळ पीक संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. मध्यरात्रीनंतर बांधाच्या कडेला काही हलले. मी बॅटरी मारली आणि दोन डोळे हिरवट चमकले. "डुक्करच आहे," असे मीच म्हणालो. बार झाला आणि जो हंबरडा ऐकू आला, तो डुकराचा नव्हता. शेजाऱ्यांची कालवड दावे तोडून आली होती. तिच्या गळ्यात तुटलेल्या दाव्याचा हातभर तुकडा लोंबत होता आणि त्याला भुईमुगाचा पाला अडकला होता. ती तिसऱ्या दिवशी गेली. भरपाई वडिलांनी दिली, पण "डुक्करच आहे" हे माझे शब्द होते.

तुमच्याजवळ थर्मल दुर्बीण असेल, हे मला ठाऊक आहे. परंतु ती उष्णता दाखवते, ओळख पटवत नाही. दूरवरच्या गवतात अर्धवट दडलेले वासरू, रँचचा कुत्रा आणि कायोटी हे तिघेही तिच्यात उजळ ठिपकेच दिसतात. त्यात उन्हाळ्यात दिवसभर तापलेले दगड आणि खांब अंधार पडल्यावरही बराच वेळ चमकत राहतात. शोध घ्यायला वेगळी हातातली दुर्बीण वापरा. रायफलवरच्या दुर्बिणीतून शोधाशोध केली, तर दिसेल त्या प्रत्येक जिवावर नळी रोखली जाते. जनावराची चाल, शेपूट आणि कान ओळखू येईपर्यंत बोट चापाबाहेर ठेव, आणि त्याच्यामागे मातीचा उंचवटा नसेल तर गोळी सोडूच नका, कारण तिथल्या नेहमीच्या रायफलीची गोळीही दोन किलोमीटरपलीकडे जाऊ शकते. प्रत्येकाने कोठे बसायचे आणि कोणत्या दिशेला गोळी झाडायची नाही, हे उजेडातच ठरवा. कायोटी शिकाऱ्यांनी वाजवलेल्या आवाजाच्या हाकेला येताना वाऱ्याचा वास घेण्यासाठी वळसा घालतो आणि त्याच्यामागे वळणारी नळी मित्राच्या अंगावरून फिरू शकते. बिअर शहरात परतल्यावर.

बसण्याआधी जमीन बॅटरीने नीट पाहा. उन्हाळ्यात तिथले रॅटलस्नेक रात्री फिरतात. ते आपल्या घोणसाच्याच कुळातले आहेत आणि दर वेळी शेपूट वाजवून इशारा देतीलच असे नाही. घोट्यावरपर्यंतचे बूट घाल.

एका गोष्टीबद्दल मात्र माझे मन साशंक आहे. कायोटीची पिले एप्रिल-मेच्या सुमारास जन्मतात, म्हणजे तुम्ही जाल तेव्हा ती आईबापांच्याच आधारावर असतील. पिलाच्या केकाटण्याचा आवाज वाजवला की उन्हाळ्यात मोठी कायोटी धावून येतात, ती याच कारणाने. कोकरे मारणाऱ्या जोडीचा बंदोबस्त करावा लागला, तर तो मालकाचा निर्णय आहे आणि मी त्याला दोष देत नाही; पण केवळ मजेखातर तो आवाज वाजवून एखाद्या मादीला बोलावणे मला पटत नाही. तू तुझ्या मनाने ठरव.

मित्राच्या वडिलांना माझ्या वतीने एक गोष्ट विचार. त्या भागात कळपाबरोबर मोठे पांढरे राखणीचे कुत्रे, कधी गाढवेसुद्धा ठेवतात. आपले धनगर लांडग्यापासून बचावासाठी कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधत, तसा ते बांधतात का, हे मला जाणून घ्यायचे आहे. परवाना आणि प्रमाणपत्र मिळाले की दोन्हींचा फोटो पाठव. त्या रात्री परतल्यावर कितीही वाजले असले तरी फोन कर. तुझ्याकडे पहाट होईल तेव्हा इथे दुपार असेल आणि मी जागाच असेन.

तुझे,
अण्णा