अर्धं शटर ओढणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या खेपेला तुमच्या दुरुस्तीच्या दुकानात पाय ठेवू देणार नाही तुम्ही. फोनवर तुम्ही काही वाचत नाही हेही ठाऊक आहे, पण नात वाचून दाखवेल कधीतरी, आणि नाही दाखवलं तरी चालेल, मला हे कुठंतरी मांडायचंच होतं, महिनाभर डोक्यात दुसरं काही नाही.

बाकीच्यांसाठी आधी थोडं सांगतो. मी बेळगावात उद्यमबागेत एका फौंड्रीच्या मशीन शॉपला आहे, वय ३१. घरात इंग्रजी गाण्यांचं वळण कधीच नव्हतं. गेल्या हिवाळ्यात दोस्ताच्या लग्नाला गोव्याला गेलेलो, दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणून म्हापशाच्या बाजारात हिंडताना एक बाई जुन्या कॅसेटी विकत बसलेली दिसली, वीस रुपयाला एक. चर्चच्या गाण्यांच्या ढिगात जेनेसिस या इंग्लंडच्या बँडची 'इनव्हिजिबल टच' होती. जेनेसिस म्हणजे बायबलातलं पहिलं पुस्तक, त्यात अदृश्य स्पर्श, म्हणजे देवाचंच काहीतरी असणार, बाईंचा हिशोब चुकला असं मी तरी म्हणणार नाही. (नंतर तुम्हीच सांगितलात की १९६९ साली यांचा पहिला अल्बम आला 'फ्रॉम जेनेसिस टू रेव्हलेशन', तो इंग्लंडातल्या दुकानदारांनीबी धार्मिक गाण्यांतच नेऊन ठेवलेला.)

घरी बाबांचा जुना डबल डेक होता. ए साईड लावली आणि त्या आठवड्यात दुसरं काही लावलंच नाही. चारच गाणी, पण आई सुद्धा भांडी घासताना तालावर डोकं हलवायला लागली. मग बी साईड लावली तर पहिलं गाणं संपून दुसरं जरा कुठं रंगात येतंय तोवर डेकनं टेप खाल्ली. खर्र आवाज झाला, झाकण उघडलं तर रोलरला शेवया गुंडाळल्यागत टेप.

आता इथं दोन माणसांचे आभार मानायचे नाहीत ते आधी सांगतो. एक, ते काचेचं, एसीचं मोठं दुकान जिथं मी डेक दुरुस्तीला दिला. 'उद्या बघूया' म्हणत सात आठवडे ठेवून घेतला आणि परत दिला तेव्हा मागचे दोन स्क्रू गायब, चेकिंगचे ३०० रुपये, वर सल्ला फुकट, 'भंगारात घाला हो, कोण ऐकतंय आता.' दुसरा, मित्राचा पुण्याचा भाऊ. त्याच्याकडं म्हणे भिंतभर रेकॉर्डी आहेत. मी आपला खुशीत येऊन सांगितलं, मलाबी जेनेसिस आवडतं. 'कुठला अल्बम?' मी नाव सांगितलं आणि तो हसला. खरंच हसला, तोंडावर. 'अरे ते जेनेसिस नव्हेच, पहिला गायक पीटर गेब्रियल १९७५ ला गेला तिथं बँड संपला, पुढं फिल कॉलिन्स गातो ती म्हणजे वरातीतली गाणी.' मग परीक्षा सुरू, पाच जणांची नावं सांग, मेलोट्रॉन कोण वाजवतं सांग. मला एक येईना. जनरलचं तिकीट घेऊन एसीच्या डब्यात बसावं आणि टीसी यावा तसं झालं. घरी येऊन ती कॅसेट कपाटात कपड्यांच्या खाली घातली. एकतिसाव्या वर्षी माणसानं गाणं आवडलं म्हणून लाजावं, काय म्हणायचं याला.

तुमच्याकडं आलो तो बाबांच्या हट्टापायी. शहापुरातल्या त्या बोळात, पावसात, डेक आणि ती कॅसेट पोत्यात गुंडाळून. तुम्ही पोतं उघडलात, कॅसेट हातात घेतलीत, चष्मा वर करून नाव वाचलंत.

'ही तुझी?'

'होय.' मी म्हटलं आता झाली परीक्षा सुरू.

'बी साईड ऐकलास काय?'

'नाही काका, तिथंच खाल्ली.'

'अरे बा. मग 'डोमिनो' राहिलं की रे तुझं!'

तुमचा चेहरा असा झाला की पाहुणा जेवायला आला आणि आमटी संपलेली. दहा मिनिटांचं गाणं आहे ते, तुम्ही म्हणालात, रेडिओवर वाजणारी चार ऐकून लोक कॅसेट ठेवून देतात आणि हे पलीकडं पडून राहतं. त्या पुण्याच्या विद्वानाला हे गाणं ठाऊक तरी असेल काय, असं मला आता सारखं वाटतं.

दुरुस्तीचं सांगत बसत नाही. बेल्ट सैल झालेला एवढंच होतं, ६० रुपये घेतलेत. पण कॅसेट? ती तर मी टाकूनच देणार होतो. तुम्ही चुरगळलेला तुकडा ब्लेडनं तिरका कापलात, दोन टोकं जोडून त्यावर नखाएवढी चिकटपट्टी लावलीत, अंगठ्यानं दाबलीत, आणि पेन्सिलीनं सगळी टेप हळूहळू आत गुंडाळलीत. त्याचे पैसेच धरले नाहीत. आता 'डोमिनो' लावलं की मधेच एक उचकी लागते. फोनवर पूर्ण ऐकलं तर उचकी नाही म्हणून चुकल्यासारखं वाटतं.

आणि आता ते, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

शनिवारी डेक न्यायला आलो तेव्हा दीड वाजलेला, तुमची जेवायची वेळ. तुम्ही खणातनं एक साठची कॅसेट काढलीत, वर बॉलपेननं मराठीत लिहिलेलं, 'फॉक्सट्रॉट, १९७२', जेनेसिसचाच जुना अल्बम. बोटीवर कामाला असलेल्या गोव्याच्या दोस्तानं भरून दिलेली म्हणालात. मला वाटलं उसनी द्यालायसा, मी पिशवी पुढं केली. तुम्ही म्हणालात, 'बस.' आणि उठून शटर अर्धं खाली ओढलंत.

एवढंच. शटर अर्धं ओढलंत आणि माझ्या शेजारी बसलात.

आधी स्टीव्ह हॅकेटची एकट्याची गिटार, दीड-पावणेदोन मिनिटं, पागोळ्या गळाव्यात तशी. मग 'सपर्स रेडी', जवळजवळ २३ मिनिटं, एकच गाणं, सात तुकड्यांचं. मधे ते खुळ्यागत होतं, मधे एकदम गप्प, मला निम्मं काही कळालं नाही, आणि तुम्ही एक अक्षर समजावून सांगितलं नाहीत. एक बाई मिक्सर घेऊन शटरखालनं वाकून आल्या, त्यांना तुम्ही कानडीत हळूच म्हणालात, 'अर्ध तास बिट्टु बर्री'. फोन वाजला तो उलटा घातलात. स्क्रूड्रायव्हर मात्र काउंटरवर चाललेला, टक टक टक, आणि शेवटाकडं त्या ऑर्गनच्या जागी मी मनात मात्रा मोजायला लागलो तर माझं सारखं घसरायला लागलं आणि तुमचं एकदाही नाही. ते ९/८ आहे हे नंतर कळालं. एकादशीला देवळात तुम्ही ढोलकीवर बसता, तुम्हाला काय, 'भजनी ठेका आठाचा, ह्यात एक जास्त, आठ झाले म्हणून सम धरायला गेलास की फसलास' असं तुम्ही सहज सांगून टाकलंत, तो टोनी बँक्स तिकडं ऑर्गन बडवतोय आणि इकडं शहापुरात मला विठ्ठल मंदिर दिसायला लागलं.

गाणं संपलं. साठच्या कॅसेटला एका बाजूला तीस मिनिटं, गाणी पंचवीसला संपतात, पुढं पाच मिनिटं नुसती हिस्स. तुम्ही बटण दाबलं नाहीत. आम्ही दोघं त्या कोऱ्या टेपचा आवाज ऐकत बसलो, वर पत्र्यावर पाऊस, आणि शेवटी बटण आपोआप वर आलं, टक्. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा बोललात.

'जेवलास काय?'

मी म्हटलं नाही, तर तुम्ही डबा उघडता उघडता हसायला लागलात, 'मग गाण्याचं नावच ते हाय की, जेवण तयार आहे म्हणून.' एकच भाकरी होती मोठी, अर्धी मोडून दिलीत, शेंगाचटणी आणि वांगं. तेवीस मिनिटं माझ्याबरोबर बसून ऐकणारं माणूस मला याआधी भेटलेलं नाही काका. सांगणारे भरपूर भेटले.

खाता खाता मी पुण्याचं सांगितलं. तुम्ही चिडला नाहीत, एवढंच विचारलंत, 'आत्ता ड्रम कोण वाजवत होता सांग बघू?' मला काय माहीत. 'तोच. तुझ्या कॅसेटवर गाणारा.' फिल कॉलिन्स १९७० पासनं ड्रमवर, १९७१ च्या 'नर्सरी क्राईम'मधे एक छोटं गाणं पण त्यानं म्हटलंय, आणि गेब्रियल गेल्यावर यांनी बाहेरचे कितीतरी गायक तपासून बघितले आणि शेवटी मागं ड्रमवर बसलेल्यालाच पुढं आणलं. वरातीतली गाणी म्हणे! ज्या 'फॉक्सट्रॉट'ची पूजा करतात त्यात हात कुणाचे चाललेत ते तरी बघा की.

तेव्हापासनं दर शनिवारी एक कॅसेट. सनावळीनं ऐकू नको म्हणालात, ओळखीच्या घरातनं शेजारच्या घरात जा. म्हणून 'डोमिनो'वरनं मागं १९८३ चं 'होम बाय द सी', मग १९८० चं 'ड्यूक', मग १९७६ चं 'अ ट्रिक ऑफ द टेल', कॉलिन्स पुढं आला तो पहिला, आणि मग कुठं १९७३ चं 'सेलिंग इंग्लंड बाय द पाऊंड'. त्यातलं 'फर्थ ऑफ फिफ्थ' मी सेकंड शिफ्ट सुटल्यावर गाडीवर बसून, गाडी चालू न करता ऐकलं. गेब्रियल बासरीवर जी चाल वाजवतो तीच पुढं हॅकेट गिटारवर घेतो आणि सोडतच नाही, बुवांनी म्हटलेली ओळ पेटीवाल्यानं उचलावी तशी. वॉचमन येऊन विचारला, पेट्रोल संपलंय काय. सगळंच आवडलं असं नाही हां. 'अबॅकॅब'मधलं 'हू डनिट' तुम्हाला कसं काय सहन होतं मला कळत नाही, आणि १९९७ चं ते कॉलिन्स नसलेलं मी निम्म्यात बंद केलं. तुम्ही म्हणालात, 'मीबी.'

एकदा माझ्या फोनवर त्यांच्या शेवटच्या दौऱ्यातलं बघितलं आपण, २६ मार्च २०२२ ला लंडनमधे तो संपला. कॉलिन्सला ड्रम वाजवणं होत नाही, खुर्चीत बसून गातोय आणि मागं ड्रमवर त्याचा मुलगा. तुम्ही बराच वेळ बघत होता. 'पोरगं चांगलं वाजवतंय की,' म्हणालात आणि सोल्डरिंगला लागलात.

आपल्या गावात बोर्ड कुठल्या भाषेत लावायचा यावरनं इतकं होतं. तुमचा बोर्ड पावसानं असा धुतलाय की तो कुठल्याच भाषेत वाचता येत नाही, आणि आत येणारा कानडीत बोलला तर कानडी, उर्दूत बोलला तर उर्दू, कोकणीत बोलला तर तुमचा आवाजच बदलतो, बोटीवरच्या दोस्ताची आठवण येत असणार. कुणाला हाकललेलं बघितलं नाही मी. दुरुस्त होत नसेल तर 'होत नाही बा, पैसे घालवू नको' एवढं तोंडावर सांगता. त्या काचेच्या दुकानात टोकन घ्यायचं मशीन आहे. तुमच्याकडं एक स्टूल, त्याचाबी एक पाय आखूड. चांगली माणसं कुठं गेली म्हणून लोक रडत असतात, मला वाटतं ती अशी बोळात कुठंतरी सोल्डरिंग करत बसलेली असतात आणि आम्ही एसीच्या दुकानात टोकन घेऊन उभे असतो.

कुंदा घेऊन आलो तर शुगर आहे म्हणून परत केलात. पैसे घेत नाही. मग मी काय द्यायचं तुम्हाला?

सापडलं. मागच्या शनिवारी तुम्ही 'द लॅम्ब लाईज डाऊन ऑन ब्रॉडवे' काढलीत, १९७४ चा डबल अल्बम, तुमच्या दोस्तानं तो एकाच नव्वदच्या कॅसेटवर भरलेला. अल्बम ९४ मिनिटांचा. तुम्हीच म्हणालात, 'शेवटचं गाणं माझ्याकडं सुरू होतं आणि तुटतं, पुढं काय हाय देव जाणे.' इतकी वर्षं काका! इतकी वर्षं तुम्ही ते तुटलेलंच ऐकत आलाय, आणि माझ्या फोनवर ते अख्खं आहे, चार-सव्वाचार मिनिटांचं.

शनिवारी स्पीकर घेऊन येतो, दीड वाजता. डबा मी आणतो, दोन भाकऱ्या. शटर यावेळी मी ओढतो.

तुमचा,
बी साईडवाला