"चाचणी किती वाजता घेतलीत?" असं विचारणाऱ्या काकांना

काका,

सप्रेम नमस्कार.

सिल्व्हर मॉलमधून इंटेलचा आय५-१२६००के प्रोसेसर आणि झेड६९० मदरबोर्ड घेऊन ओव्हरक्लॉकिंगला, म्हणजे प्रोसेसरचा वेग मूळ सेटिंगपेक्षा वाढवायला, निघालेल्या माणसाला ५.० गिगाहर्ट्झचा आकडा कोणीही ऐकवतं. तुम्ही मात्र दुकानावर येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारलंत, "चाचणी किती वाजता घेतलीत?" उत्तर बहुधा "रात्री, जेवण झाल्यावर" असंच यायचं आणि तुम्ही गालातल्या गालात हसायचात. त्या हसण्यामागचा हिशोब आता पुरता कळला आहे. तुमचे आभार मानायचे आहेत, आणि तुम्ही सुटं सुटं सांगितलेलं एका जागी उतरवूनही ठेवायचं आहे, म्हणून हे उघडं पत्र.

कूलर हवेचा असो वा पाण्याचा, प्रोसेसरला तो खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. प्रोसेसर खोलीपेक्षा किती अंश वर राहील, एवढंच त्याच्या हातात. मार्चमधल्या रात्री खोली २४ अंशांवर आणि पूर्ण लोडवर, म्हणजे पूर्ण ताकदीने काम करताना, प्रोसेसर ८२ वर असेल, तर फरक ५८ चा. माळव्याची रात्र गार, त्यामुळे ८२ बघून माणूस खुशाल झोपतो. मेमधल्या दुपारी तीन वाजता खोली ३८ वर गेली की त्याच मशीनचे ९६ होतात. त्यात सिलिकॉन तापलं की गळतीचा करंट वाढतो, म्हणजे वर आणखी दोन-तीन अंश. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची. तिथे पोहोचला की तो जळत नाही, आपणहून क्लॉक, म्हणजे वेग, खाली आणतो. मग सेटिंग ५.० चं आणि काम ४.५ चं. "फरक ५० च्या आत ठेवा, मे आपोआप ८८ वर बसतो," हा तुमचा नियम आता इथे पाठ आहे.

खोलीचं तापमान म्हणजे मोबाइलवरचं हवामान नव्हे, हेही तुमचंच. स्वस्तातला डिजिटल तापमापक कॅबिनेटच्या पुढच्या जाळीसमोर टांगायचा आणि अर्धा तास लोड चालल्यावर वाचायचा. टेबलाच्या कोनाड्यात भिंतीला चिकटून ठेवलेलं कॅबिनेट आपणच सोडलेली गरम हवा पुन्हा ओढत असतं. ते हातभर पुढे ओढल्यावर जेवढे अंश उतरतात, तेवढ्यासाठी लोक नवा कूलर घेतात. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, म्हणून हवा पाचेक टक्के विरळ, हेही खरं. पण हे कारण सांगून कोणी महागडा कूलर गळ्यात मारू लागलं, तर आधी कॅबिनेट पुढे ओढून पाहावं.

आता वाढवण्याची बाब. या प्रोसेसरमध्ये कोर, म्हणजे काम करणारे भाग, मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे. मोठ्या कोरांचा सगळ्यांनी मिळून चालण्याचा मूळ वेग ४.५ गिगाहर्ट्झ. तिथून ५.० ला जायचं आणि त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३० करावं लागलं, तर वेग ११ टक्क्यांनी वाढतो आणि उष्णता सुमारे ३० टक्क्यांनी. कारण उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेगाआधी व्होल्टेजकडे बघा, असं तुम्ही बजावायचात ते यासाठीच. मूळ सेटिंगवर फरक ४५ असेल, तर ५.० ला तो ५८ होतो आणि ४.८ ला १.२३ व्होल्टेज पुरलं तर जेमतेम ५०. म्हणून इंदूरसाठी तुमचा आकडा ४.८. अर्थात प्रत्येक चिप वेगळी. एखादीला १.२३ पुरतं, एखादी १.२७ मागते. शेजाऱ्याचं सेटिंग उचलून आणायचं नाही ते म्हणूनच.

तुमचा क्रमही ठरलेला. आधी महत्त्वाच्या फायली बाहेरच्या ड्राइव्हवर, कारण अस्थिर मशीन कधी कधी विंडोजच खराब करून ठेवतं. मग बायोस, म्हणजे बोर्डातला मूळ प्रोग्राम जिथे ही सगळी सेटिंग होतात, तो अपडेट. इंटेलच्या तेरा-चौदाव्या पिढीवाल्यांनी तर हे टाळूच नये. त्या प्रोसेसरांत चढ्या व्होल्टेजमुळे येणाऱ्या अस्थिरतेवर इंटेलने २०२४ मध्ये नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिला तो बायोसमधूनच येतो. त्यानंतर बोर्डाचं आपोआप वाढवणारं मल्टिकोर एन्हान्समेंट बंद करायचं, एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारं तयार सेटिंग, तेही बंद ठेवायचं आणि मूळ वेगावर अर्धा तास लोड देऊन फरक वहीत लिहायचा. रॅमचा वेग शेवटी. दोन्ही एकदम वाढवले की चूक प्रोसेसरची की रॅमची, हे शोधण्यात रविवार जातो.

बेस क्लॉकला मल्टिप्लायरने गुणलं की प्रोसेसरचा वेग मिळतो. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झवरच राहू द्यायचा, त्याला हात लावला की बाकीची यंत्रणाही हलते. फक्त मल्टिप्लायर ४६, ४७ असा एकेक पायरीने वर न्यायचा. छोटे कोर ऑटोवर. प्रत्येक पायरीला सिनेबेंच आर२३ ही लोड चाचणी दहा मिनिटं, शेजारी तापमान-व्होल्टेज दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं. मशीन अडखळलं तर व्होल्टेज ०.०१ ने वाढवायचं. पुढच्या १०० मेगाहर्ट्झसाठी ०.०५ पेक्षा जास्त मागू लागलं की थांबायचं आणि एक पायरी खाली यायचं. लोडवर १.३० च्या वर जायचं नाही. ही इंटेलची नव्हे, तुमची मर्यादा, आणि इथल्या उन्हाळ्याला तीच बरी.

लोड लाइन कॅलिब्रेशनपाशी, म्हणजे लोडवर व्होल्टेज किती पडू द्यायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगपाशी, बहुतेक जण फसतात. लोड आला की व्होल्टेज थोडं पडतं, तसं ते पडायलाच हवं. ते अजिबात पडू नये म्हणून सर्वांत कडक पातळी लावली, तर लोड सुटण्याच्या क्षणी व्होल्टेज उसळी मारतं आणि एचडब्ल्यूइन्फोला ती उसळी दिसतही नाही. मधली पातळी बरी. आकड्यांचा गोंधळ वेगळाच. आसुसच्या बोर्डावर आकडा वाढतो तशी पातळी कडक होते, एएसरॉकवर लेव्हल १ च सर्वांत कडक. यूट्यूबवरचं "लेव्हल ४" आपल्या बोर्डावर भलतंच निघू शकतं.

मशीन बिघडून काय सांगतंय, तेही तुम्ही वाचायला शिकवलंत. निळ्या पडद्यावर क्लॉक वॉचडॉग टाइमआउट किंवा व्हिया अनकरेक्टेबल एरर आलं, तर बहुधा व्होल्टेज कमी पडतंय. पडदा आला नाही, पण एचडब्ल्यूइन्फोत तळाशी व्हिया एररचा (हार्डवेअरच्या चुकांचा) आकडा शून्यावरून हलला, तरीही तेच. चाचणी "पास" झाली म्हणून तो सोडून द्यायचा नाही. क्लॉक वाढवूनही सिनेबेंचचा आकडा घटला, तर एकतर ताप नाहीतर पॉवर लिमिट, म्हणजे विजेवर घातलेली मर्यादा. मशीन सुरूच होईना तर बायोसची सेटिंग पुसायची: वीज काढून बोर्डावरच्या 'क्लिअर सीमॉस'च्या दोन पिना काही सेकंद जोडायच्या, किंवा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल काढून पाच मिनिटांनी परत बसवायचा.

एएमडीच्या रायझन प्रोसेसरवाल्यांचं थोडं वेगळं. तिथे व्होल्टेज कमी करणारं कर्व्ह ऑप्टिमायझर हे सेटिंग उणे १० पासून लावावं, आणि मशीन भर लोडवर नव्हे तर रिकामं बसलेलं असताना पडतं हे ध्यानात ठेवावं. रात्रभर लोड चाचणी चालते आणि सकाळी ब्राउजर उघडताना मशीन बंद पडतं, ते यामुळे.

सगळ्यांत उपयोगी पडलं ते मात्र तुमचं कूलर उतरवून दाखवणं. समोरून पंखा स्वच्छ दिसत होता. चार क्लिपा काढून तो बाजूला केला, तर मागे हीटसिंकच्या पट्ट्यांवर बुरणुसासारखा धुळीचा सलग थर. बोटाने एका कडेला धरून ओढला तर अख्खा तुकडाच सुटून आला. खसचा कूलर कॅबिनेटच्या रोखाने लावला की असंच होतं. दमट हवेत धूळ चिकटते, बोअरचं जड पाणी असेल तर पट्ट्यांवर पांढरे क्षारही बसतात. खसचा कूलर खिडकीत, कॅबिनेट त्याच्या झोतापासून बाजूला.

मग तुम्ही प्रोसेसर आणि कूलरमधल्या, उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टचा ठसा उजेडात धरलात. एका कोपऱ्यात धातू दिसेल इतकी पातळ, समोरच्या कोपऱ्यात जाड, ओलसर. स्क्रू एका बाजूचे आधी आवळले होते. चारही स्क्रू आधी दोन-दोन फेरे, मग तिरके समोरासमोरचे, थोडे थोडे. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. या पिढीच्या प्रोसेसरचं झाकण लांबट, मध्ये वाटाण्याएवढा ठिपका दिला तर टोकं कोरडी राहतात. लांबीच्या दिशेने एक बारीक रेघ ओढायची. आणि नव्या कूलरच्या बुडाची प्लास्टिकची फिल्म. हसू नका काका, ती न काढताच कूलर बसवणारे या पत्राखाली सही करणाऱ्यांतही आहेत.

राजवाड्याच्या बाजूच्या जुन्या वाड्यांत अर्थिंग नावापुरतंच असतं, म्हणून मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, असं तुम्ही म्हणायचात. त्या बोलण्याने काही घरांची वायरिंग बदलली गेली.

तुमच्या सांगण्याप्रमाणे पेस्ट आणि साफसफाई अक्षय्य तृतीयेच्या आत उरकायची ठरली आहे. सेटिंग ४.८ वर, १.२३ ला. शेवटची चाचणी मेच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी तीनला, एसी बंद ठेवून. फरक किती आला तो वहीत लिहून दुकानावर आणून दाखवू.

आपले नम्र,
रामबाग आणि नारायण बागेतली तुमची गिऱ्हाइकं
इंदूर