संघर्षाच्या अभ्यासाचा पैसा मधेच तोडू नका

मा. संपादक,

संरक्षण खर्चाची बातमी आली की विमानं किती, मिसाईल किती, ड्रोन कोणाकडून घेणार यावर पानभर मजकूर असतो, पण माणसं मुळात एकमेकांवर का उठतात, बंडखोरी कुठे पेटते आणि कुठे आपोआप विझते याचा अभ्यास करणाऱ्यांना पैसे कोण देतं आणि ते कधी बंद पडतात याची बातमी शोधूनही सापडत नाही, म्हणून हे पत्र.

मार्च 2025 मधे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सामाजिक शास्त्रांमधले 91 रिसर्च प्रोजेक्ट एका फटक्यात बंद केले. इराक-अफगाणिस्तानात सैन्य पोचलं पण तिथला समाज काही कळेना, हे ध्यानात आल्यावर 2008 मधे रॉबर्ट गेट्स संरक्षणमंत्री असताना विद्यापीठांतल्या अशा अभ्यासाला पैसे देणारी मिनर्व्हा नावाची योजना सुरू झाली होती, तीही यातच गेली. पहिल्या वर्षात 3 कोटी डॉलरच्या वर वाचतील असं खात्याने सांगितलं. आता एक एफ-35 विमान साधारण 8 कोटी डॉलरला पडतं, म्हणजे जे वाचलं त्यात अर्धं विमानही येत नाही, आणि खात्याचं वर्षाचं बजेट तर आठशे अब्ज डॉलरच्या वर! याला काटकसर म्हणायचं तर म्हणा बापडे.

लगेच कोणीतरी म्हणेल की बरं झालं, लष्कराच्या पैशावर कसला आलाय अभ्यास. हा आक्षेप खोटा नाही. 1964 मधे अमेरिकी लष्कराने प्रोजेक्ट कॅमेलॉट काढला, कुठल्या देशात अंतर्गत बंड होईल हे आधीच ओळखायचं आणि ते कसं थोपवायचं ते शोधायचं असा एकूण बेत, नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ योहान गाल्टुंग यांना बोलावणं गेलं तर त्यांनी नकार दिला आणि चिलीतल्या प्राध्यापकांच्या कानावरही घातलं, तिथे एवढा गदारोळ झाला की 1965 च्या जुलैत संरक्षणमंत्री मॅकनमारांना सगळं गुंडाळावं लागलं. त्यानंतर लॅटिन अमेरिकेत वही-पेन घेऊन फिरणारा प्रत्येक परदेशी अभ्यासक लोकांना हेरच वाटायला लागला, ज्यांचा त्या प्रोजेक्टशी काडीचा संबंध नव्हता ते पण त्यात भरडले गेले.

पण म्हणून पैसा कोणाचा एवढ्यावरच अडून बसणं मला पटत नाही. 1994 मधे सीआयएच्या पैशावर विद्यापीठातल्या अभ्यासकांचा एक गट बसवला, देश कधी कोसळतात हे शोधायला. वर्षानुवर्षं काम चालू राहिलं, आणि शेवटी जे मॉडेल 2010 मधे छापून सगळ्यांसमोर आलं त्यात राज्यव्यवस्थेचा प्रकार सगळ्यात महत्त्वाचा निघाला (अर्धवट लोकशाही आणि त्यात गटबाजी, हे मिश्रण सगळ्यात वाईट) आणि त्याच्या जोडीला चक्क बालमृत्यूदर. दोन वर्षं आधी 80 टक्क्यांच्या वर अचूकता! कुठल्या देशात किती रणगाडे आहेत हे मोजत बसणाऱ्याला बालमृत्यू कधी सुचला असता का. पैसा गुप्तहेरांचा, पण निष्कर्ष उघड छापले आणि चुका काढायची सगळ्यांना मुभा होती, माझ्या मते फरक इथे पडतो.

आणि त्याहून मोठा फरक पडतो तो सलगपणाने. दहशतवादी घटनांचा जो जागतिक डेटाबेस मेरीलँड विद्यापीठात आहे तो 1970 पासूनचा, सुरुवातीच्या नोंदी एका खाजगी सिक्युरिटी कंपनीच्या लोकांनी कार्डांवर करून ठेवलेल्या, आणि त्यातलं 1993 हे वर्षच ऑफिस हलवताना हरवलं. 1993! न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवरचा पहिला हल्ला, मुंबईचे साखळी स्फोट, सगळं त्याच वर्षातलं. नंतर खटाटोप केला तरी सगळ्या नोंदी काही परत जमल्या नाहीत, त्यामुळे मुख्य डेटाबेसमधे आजही 1992 नंतर थेट 1994 येतं. पुढे 2018 च्या सुमारास अमेरिकी परराष्ट्र खात्याने दहशतवादाच्या आपल्या वार्षिक आकड्यांचं काम मेरीलँडकडून काढून दुसऱ्यांना दिलं, तर मोजायची पद्धत बदलली आणि आधीच्या वर्षांशी तुलनाच करता येईना. याउलट स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात वर्षाला किमान 25 जण लढाईत मेले तर तो सशस्त्र संघर्ष धरायचा ही एकच फूटपट्टी दशकानुदशकं लावली, मागे 1946 पर्यंतची यादी त्याच मापाने तयार केली, म्हणून आज जगभरात कोणीही संघर्ष वाढले की घटले म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आकडे तिथलेच असतात.

"एवढं शिकून 2011 ची अरब देशांतली उठावणी कोणाला कळली का" असंही विचारतात. तारीख नाहीच कळली आणि कळणारही नाही. पण कोणत्या ठिकाणी धोका साठत चाललाय हे कळायला तीन वर्षांची ग्रँट आणि मग ठणठणगोपाळ, असं करून चालत नाही.

अजून एक गोष्ट कोणी बोलतच नाही. असे प्रोजेक्ट मधेच बंद झाले की ज्यांनी जीव धोक्यात घालून मुलाखती दिल्या त्यांच्या नावांचं, रेकॉर्डिंगचं काय होतं? बॉस्टन कॉलेजने उत्तर आयर्लंडमधल्या माजी बंदूकधाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या, तुम्ही हयात असेपर्यंत बाहेर जाणार नाहीत असं सांगून, आणि 2011 मधे ब्रिटनने अमेरिकी कोर्टामार्फत त्या मागवल्या, काही पोलिसांच्या हातात गेल्याही. तिथे तर निदान सांभाळायला एक संस्था तरी उभी होती. जिथे पगारच बंद, रिसर्च असिस्टंट दुसऱ्या नोकरीला लागलेला आणि लॅपटॉप कोणाच्या तरी कपाटात, तिथे कोण कोणाला जबाबदार धरणार?

ग्रँट थांबवायचीच असेल तर किमान एक वर्षाचा पैसा फक्त आवराआवरीसाठी ठेवावा, नावं काढून डेटा सुरक्षित जागी जमा करायला आणि मुलाखती दिलेल्या लोकांना कळवायला, ही अट करारातच पाहिजे, मग पैसा लष्कराचा असो, सरकारचा असो की खाजगी फाउंडेशनचा. पुढच्या वेळी अशी कपातीची बातमी छापाल तेव्हा किती वाचले याच्या खाली किती मुलाखती अर्धवट राहिल्या आणि त्या आता कोणाकडे आहेत, एवढं जरूर विचारा.

आपला,
एक नियमित वाचक