पत्र मोठ्याने वाचा, अण्णा

तीर्थरूप अण्णा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

अण्णा, आईच्या मोतीबिंदूपासून तिची सगळी वाचावाची तुमच्याकडे आहे, म्हणून आधीच सांगते. या पत्रात पाळी, रक्त, पिशवी असले शब्द आहेत. गाळून वाचू नका. पोस्टमनकीच्या एवढ्या वर्षांत गावातल्या निम्म्या बायकांची पत्रं तुम्हीच ओट्यावर बसून वाचून दाखवलीत. कुणाची सासू छळते, कुणाचा नवरा भिवंडीत काय दिवे लावतो, सगळं एका सुरात, पंचांग वाचल्यासारखं. तोच सूर लावा. अडलात तर खाकरा, घोटभर पाणी प्या आणि पुढे चला.

फोनवर हे होत नाही. आई विचारते, "बरी आहेस ना?" मी "हो" म्हणते. मग फोन तुमच्याकडे येतो आणि आपण पावसावर बोलतो.

मी बरी नव्हते. दोन वर्षं नव्हते. पाळी आली की नऊ-दहा दिवस थांबायची नाही. पहिले तीन दिवस तर दर तासाला पॅड, रुपयाएवढ्या गाठी पडायच्या, आणि कळ अशी की फळ्यावर लिहिताना हात टेकून उभी राहायची. रात्री गादीवर मेणकापड. दिवाळीत गावी आले तेव्हा एसटीत सीटवर टॉवेल टाकून बसले होते, तो मीनाने पाहिला आणि विचारलंही, "आई, ऊन तर नाहीये, टॉवेल कशाला?" तेरा वर्षांची आहे, तिला कळलंच असणार. मी म्हटलं, सीट कळकट आहे.

मार्चमध्ये दहावीच्या पेपरला माझं सुपरव्हिजन होतं. वर्ग सोडून जाता येत नाही. शेवटच्या अर्ध्या तासात उठले आणि खुर्चीकडे पाहिलं. पुढचं लिहीत नाही. शेजारच्या वर्गातल्या बाईंनी अंगावरची शाल माझ्या कमरेला बांधली. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाला सगळं दिसलं होतं, त्याने चटकन मान खाली घालून पेपर लिहायला घेतला. पोरगं गुणी. मी मात्र त्या दिवशी दोन जिने चढताना तीनदा बसले.

तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ६.८ निघालं. बाईचं निदान १२ असावं लागतं. डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारून झाल्यावर सहज विचारलं, "माती, खडू, कच्चे तांदूळ, असलं काही खावंसं वाटतं का?" मी गप्प. अण्णा, मी बेचाळीस वर्षांची मास्तरीण, पर्समध्ये पाटीवरच्या पेन्सिलींची पुडी ठेवते आणि मधल्या सुट्टीत चोरून कुरतडते. लोह कमी झालं की अशी ओढ लागते म्हणे. आई, मला तेव्हा तू दिसलीस. पहिला पाऊस पडला की मागच्या भिंतीची माती काढून तोंडात टाकायचीस आणि आजी ओरडायची, "लेकरासारखं काय खातीस गं!" तुझं हिमोग्लोबिन किती होतं, कुणी बघितलं होतं?

या बाईंकडे जायच्या आधी घराजवळच्या एका दवाखान्यात गेले होते. सोनोग्राफी झाली, पाच मिनिटांत निकाल: "मुलं झालीत ना? मग पिशवी ठेवून काय लोणचं घालायचंय? काढून टाका, कटकट गेली." तारीखही दिली. घरी येऊन मी साड्यांची घडी घालत बसले, आणि १९९७ साल आठवलं.

आई, तू तेव्हा चौतीस वर्षांची होतीस. अंगावर पांढरं जातं आणि कंबर दुखते, एवढंच घेऊन तालुक्याला गेली होतीस. तिथे म्हणाले, पिशवी सडलीय, उद्या कॅन्सर होईल. अण्णा, तुम्ही पाटल्या मोडल्या. मी चौदाची, मला त्याच वर्षी पाळी आलेली, आणि मला वाटलं पाळीचं पुढे असंच होतं, शेवटी पोट कापतात. तुम्हाला दोष देत नाही. कॅन्सर म्हटल्यावर पाटल्या काय, घर मोडलं असतंत. आणि आपल्याकडे तेव्हा कोण अडवणार होतं? आपल्या गल्लीतून ऊसतोडीला, कोयत्यावर जाणाऱ्या किती बायकांची पिशवी गेलेली होती, मोजा. पाळीचे चार दिवस म्हणजे चार खाडे, मुकादम पैसे कापणार, आगाऊ घेतलेली उचल फिटणार कशी? पिशवीच नको, म्हणजे खाडाच नको. २०१९ मध्ये सरकारने समिती नेमून बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. आकडा छापून आला तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्या हळहळल्या. मी नावं आठवत होते.

म्हणून मी ती तारीख मोडली आणि दुसरं मत घेतलं. या बाईंनी घाई केली नाही. थायरॉईड बघितलं, सोनोग्राफी पुन्हा केली, पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर नाही. माझ्या आजाराला अॅडिनोमायोसिस म्हणतात. पिशवीच्या आतलं अस्तर भिंतीच्या मांसात शिरतं, दर पाळीला तिथेही सूज येते, भिंत जाड होते, म्हणून एवढी कळ आणि एवढं रक्त. माझी चूक नाही, कुणाची नजर नाही, लोणचं शिवल्याचं पाप तर मुळीच नाही. (आई, हे वाक्य आत्याला परत वाचून दाखवायला सांग.)

उपाय असा झाला. लोहाच्या गोळ्यांनी पोट बिघडलं म्हणून सलाईनमधून लोह दिलं. पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या. आणि एप्रिलमध्ये तांबीसारखीच एक बसवली, पण तांबं नसलेली. तिच्यातून रोज थोडं थोडं हार्मोन आतल्या आत सुटतं, अस्तर पातळ राहतं. पाच वर्षं बघायचं नाही. बसवताना दुखलं, खोटं कशाला बोलू. पहिले तीन महिने रोज थेंब थेंब डाग पडत होते, मी रडकुंडीला आले, काढून टाका म्हणायला गेले. बाई म्हणाल्या, सहा महिने द्या. चौथ्या महिन्यात थांबलं. आता पाळी दोन दिवस, नावाला. हिमोग्लोबिन ११.४ आहे. पेन्सिलींची पुडी पर्सच्या कप्प्यात तशीच पडून आहे, हात जात नाही. हिने भागलं नाही तर पिशवी काढावीही लागेल. लागली तर काढीन, पण काय काढताय आणि काय ठेवताय ते विचारून.

आता तुझं, आई. बाईंनी घरच्यांचं विचारलं तेव्हा तुझं ऑपरेशन सांगितलं. त्यांनी विचारलं, अंडाशय ठेवलेत की तेही काढलेत? मला काय माहीत! पण त्या थंडीत तू गोधडी फेकून रात्री ओट्यावर जाऊन बसायचीस, घामाने ओली, "आग आग होतीय" म्हणत, ते सांगितलं. आजी म्हणायची, सोंगं करते. सोंग नव्हतं. अंडाशय गेले की पाळी जाण्याचं वय एका रात्रीत येतं, आणि हाडं लवकर विरतात. गेल्या वर्षी न्हाणीत साधी घसरलीस आणि मनगट मोडलं, ते आठवतंय ना? हाडांच्या घनतेची तपासणी करायची आहे. सुई नाही, काही नाही, नुसतं आडवं पडायचं.

अण्णा, तुमचं काम. लोखंडी ट्रंकेत, जमिनीच्या उताऱ्यांच्या खाली, लाल दोरी बांधलेली फाइल आहे. त्यात तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड असेल, तुम्ही कागद टाकत नाही. मोबाईलवर फोटो नको, तुमचा हात हलतो, अक्षर लागत नाही. झेरॉक्स काढून स्पीड पोस्टाने पाठवा. आणि आईला जेवणावर लगेच चहा देऊ नका, अंगाला लोह लागत नाही. तासाभराने द्या. ती कुरकुर करेल.

दसऱ्याला येतोय. मीनाला गेल्या महिन्यात पाळी आली. आईने तिच्यासाठी लाडू करून ठेवावेत, डिंक जास्त घालून. तिला कुठे वेगळं बसवायचं नाही, हे आत्याला तुम्हीच सांगा अण्णा, माझं ती ऐकत नाही.

तुमची,
सुमन