नग्नचित्रांवरचा पडदा पाहणाऱ्याच्या हाती असावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली बारा वर्षे मी मानवी देहाची रेखाटने करते आणि ती चित्रकारांच्या ऑनलाइन समूहांत ठेवते. काही महिन्यांपूर्वी एका वृद्ध स्त्रीचे पाठमोरे, चारकोलमधील रेखाटन अशाच एका संकेतस्थळाने काढून टाकले. ‘नग्नतेविषयीच्या नियमाचा भंग’ एवढेच त्यांनी कळवले. कोणता नियम, चित्राचा कोणता भाग, निर्णय माणसाचा की संगणकीय यंत्रणेचा, यांपैकी काहीही सांगितले नाही. माझे अपीलही काही मिनिटांतच फेटाळले गेले. चित्रासाठी बसलेल्या बाईंनी ते लोकांपुढे ठेवायला आनंदाने संमती दिली होती. ते अश्लील ठरवून काढले गेले, हे त्यांना सांगताना मला फार वाईट वाटले.

अनेक मोठ्या संकेतस्थळांच्या नियमांत चित्रे आणि शिल्पे यांतील नग्नतेला मुभा असते. अडचण येते ती अंमलबजावणीत. छायाचित्रातील देह, संगमरवरी देह आणि कागदावरचा देह यांतला फरक यंत्रणेला खात्रीने ओळखता येत नाही. ती आकार आणि रंग पाहून शक्यतेचा एक आकडा काढते आणि तो मर्यादेपलीकडे गेला की चित्र अडवते. व्हिएन्नाच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील विलेनडॉर्फची व्हीनस ही सुमारे ११ सेंटिमीटर उंचीची अश्मयुगीन मूर्ती आहे. तिचेही छायाचित्र फेसबुकने काढले होते आणि त्याबद्दल २०१८ मध्ये कंपनीला क्षमा मागावी लागली. फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह कूर्बे यांच्या १८६६ मधील ‘जगाचा उगम’ या नग्न स्त्रीदेहाच्या चित्रावरून एका फ्रेंच शिक्षकाचे फेसबुक खाते २०११ मध्ये बंद झाले. पॅरिसच्या न्यायालयाने कारण न देता खाते बंद करणे ही कंपनीची चूक ठरवली खरी, पण तोवर २०१८ साल उजाडले होते. संग्रहालयाच्या तक्रारीची दखल जगभर घेतली जाते; एकट्या चित्रकाराने सात वर्षे कोठून आणायची?

देह झाकण्याचे दोन मार्ग कलेच्या इतिहासात दिसतात आणि त्यांतला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. मायकेलअँजेलोच्या ‘अंतिम न्याय’ या भित्तिचित्रातील नग्न आकृत्यांवर १५६५ पासून चित्रकार दानिएले दा व्होल्तेरा यांनी वस्त्रे रंगवली. त्यातील संत कॅथरीन आणि संत ब्लेझ यांच्या आकृत्यांबाबत तर मूळ गिलावा खरवडून नव्याने रंगकाम झाले, त्यामुळे तेथील मायकेलअँजेलोचे काम कायमचे गेले. याउलट कूर्बे यांचे वर सांगितलेले चित्र विसाव्या शतकात फ्रेंच मनोविश्लेषक जाक लाकाँ यांच्याकडे आले, तेव्हा चित्रकार आंद्रे मासाँ यांनी त्यावर सरकते आवरण करून दिले. ज्याला पाहायचे असेल त्याने ते सरकवावे, नको असेल त्याने तसेच राहू द्यावे. चित्राला मात्र धक्का लागत नव्हता.

आज ऑनलाइन असे आवरण घालणे अगदी सोपे आहे. चित्रकाराने स्वतः चित्रावर ‘नग्नता’ अशी खूण करावी, चित्र धूसर दिसावे, आणि प्रौढ वाचकाने स्वेच्छेने ते उघडावे. टंबलर या ब्लॉग-संकेतस्थळाने १७ डिसेंबर २०१८ पासून प्रौढांसाठीच्या चित्रांवर बंदी घातली. कलेतील नग्नतेला नियमात सूट असूनही निरुपद्रवी चित्रे यंत्रणेने अडवली आणि अनेक चित्रकार तेथून निघून गेले. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये याच संकेतस्थळाने खूण करण्याच्या अटीवर नग्नतेला पुन्हा परवानगी दिली; मात्र विखुरलेला समूह अशा परवानगीने पुन्हा एकत्र येत नाही.

मर्यादा नकोतच, असे माझे म्हणणे मुळीच नाही. अल्पवयीनांचे लैंगिक चित्रण कलेच्या नावाखाली क्षणभरही राहता कामा नये. छायाचित्रातील व्यक्तीची संमती नसेल, किंवा खऱ्या व्यक्तीचा चेहरा वापरून कृत्रिम बुद्धिमत्तेने नग्नचित्र बनवले असेल, तर ते ताबडतोब काढावे. तेथे मी मॉडरेटरांच्या, म्हणजे समूहातील मजकुरावर देखरेख ठेवणाऱ्यांच्या, बाजूने उभी आहे. छोट्या समूहांत हे काम अनेकदा बिनपगारी स्वयंसेवक करतात आणि त्यांना रोज जे पाहावे लागते त्याची मला जाणीव आहे. परंतु संमती आणि वय हे प्रश्न कातडी किती दिसते यावरून सुटत नाहीत. पुरुषाची उघडी छाती चालते आणि स्त्रीची चालत नाही, या नियमाने कोणत्या स्त्रीचे रक्षण होते, हे मला आजवर उमगलेले नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. चित्र अडवताना कोणत्या नियमाचे कोणते कलम लागू केले ते कळवावे, अपील माणसाने पाहावे, आणि संमती किंवा वयाबद्दल शंका नसेल तर निकाल लागेपर्यंत चित्र न पुसता आवरणाखाली ठेवावे. खाते एकाएकी बंद झाले की चित्रांबरोबर त्यांखाली शिकणाऱ्यांनी वर्षानुवर्षे विचारलेले प्रश्न आणि जाणत्यांनी दिलेली उत्तरेही नाहीशी होतात, आणि ती पुन्हा कोणालाही लिहून देता येत नाहीत.

आपली विश्वासू,
एक चित्रकार वाचक